तुंबाड घेतलं, खोत गाळला

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला साहित्यावर बोल म्हणून सांगितलंय. कविता लिहितो म्हणून. पण मी सिनेमावर बोलणार. आपल्या वस्तीत कवितेचं पुस्तक दहा जण वाचतात आणि सिनेमा सगळी वस्ती बघते. ज्याला सगळी वस्ती बघते त्याचा हिशेब आधी मागितला पाहिजे.

सिनेमाचं नाव 'तुंबाड'. १२ ऑक्टोबर २०१८ ला पहिल्यांदा लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला करून गेला. आपल्यातल्या कितीतरी पोरांनी तो दुसऱ्या खेपेला पाहिला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, निर्माता आणि नायक सोहम शाह. भाषा हिंदी, पण गाव कोकणातलं, वाडा मराठी, नावं मराठी, बरेचसे नटही मराठी. मोठ्या स्टारशिवाय, मोठ्या हिंदी सिनेमांच्या मानानं थोड्या पैशात केलेला हा अद्भुताचा आणि भयाचा सिनेमा आहे. त्याला 'ए' सर्टिफिकेट आहे, म्हंजे फक्त प्रौढांसाठी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. समृद्धीची देवी सगळ्या देवांची आई. तिचा पहिला आणि लाडका मुलगा हस्तर. त्याला आईचं सोनंही पाहिजे आणि धान्यही पाहिजे. सोनं त्यानं घेतलं. धान्याला हात घालायला गेला तसे बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, पण अट अशी की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव कुणी घेणार नाही. तो आईच्या गर्भात परत गेला आणि तिथंच उपाशी राहिला. पुढं तुंबाडच्या एका घराण्यानं सोन्याच्या आशेनं त्याचं देऊळ बांधलं. देव कोपले आणि गावावर न थांबणारा पाऊस लागला. त्या घराण्यातला विनायक मोठेपणी पुण्याहून तुंबाडला येतो, वाड्याखालच्या गर्भात दोरानं उतरतो, कणकेची बाहुली हस्तरपुढं टाकतो, आणि भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढून पळतो. गोष्ट तीन काळांत घडते: १९१८, १९३३ आणि १९४७.

आधी चांगलं आहे ते सांगतो. आपण हिशेब मागणारी माणसं आहोत, तेव्हा जमेची बाजूही नीट लिहिली पाहिजे.

ह्या सिनेमानं वाडा आतून दाखवलाय. मराठी नाटकासिनेमात वाडा म्हटला की समई, रांगोळी, करारी पण प्रेमळ आजोबा. हितं तसं काही नाही. हितला वाडा सडलेला आहे. त्यात म्हातारीला साखळदंडानं बांधून ठेवलंय. घरातली बाई एका मोहरेच्या आशेवर म्हाताऱ्या सरकारची सेवा करते, आणि सेवा म्हंजे काय ते कॅमेरा लपवत नाही. पुढं एका विधवेचा सौदा होतो. नायक लोभी आहे, बाईलवेडा आहे, आणि मुलाला आपल्यासारखाच तयार करतो. ब्राह्मण घरातला कर्ता पुरुष असा नागडा करून दाखवायला धाडस लागतं. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात टिकवायची तर बाईला कुलपात ठेवावं लागतं, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्याच कुलपाची किल्ली, असं त्यांनी त्यात मांडलं. त्या कुलपाचा गंज 'तुंबाड'मध्ये दिसतो. दिग्दर्शकानं तो निबंध वाचला असो वा नसो, दिसतो.

मग तक्रार काय?

तक्रार नावापासून सुरू होते. हे नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलं. कादंबरी १९८७ ची, दोन खंडांची, खोत घराण्याच्या पिढ्यांची. तिचं नाव 'तुंबाडचे खोत'. सिनेमावाल्यांनी तुंबाड घेतलं आणि खोत गाळला. नाव घेताना एक शब्द गळाला म्हणून मी भांडत नाही. नाव लहान असलं की पोस्टरवर बरं दिसतं. पण नावातून गळालेला खोत सिनेमातूनही गळाला. आणि खोत गळाला की कूळ गळतं. कूळ गळालं की महारवाडा गळतो. मग उरतो एक वाडा आणि पाऊस.

आपल्यातल्या शहरात जन्मलेल्या पोरांना खोत ठाऊक नसेल. खोत म्हंजे कोकणातला सरकार आणि शेतकरी ह्यांच्या मधला माणूस. सरकारचा सारा गोळा करायचं काम त्याचं. त्या कामाच्या जोरावर तो गावाचा मालक झाला. बहुतेक खोत वरच्या जातीचे, काही मराठे, काही मुसलमानही होते. जमीन कसणारं कूळ कुणब्याचं, आगऱ्याचं, महाराचं. कुळानं भात पिकवायचं आणि खळ्यावर खोताची माणसं माप घेऊन उभी. कुठं निम्मं, कुठं तिसरा हिस्सा. त्याला अर्धेल, तिर्धेल म्हणायचे. वर वेठ. खोताच्या शेतात फुकट नांगर, खोताच्या घरी फुकट लाकूडफाटा, खोताची पालखी फुकट खांद्यावर. महाराला तर गावकीचं वेगळं ओझं होतंच. ह्या जाचाला कंटाळून कोकणचा माणूस बोटीत बसला, भाऊच्या धक्क्याला उतरला, आणि गिरणीत, गोदीत, रेल्वेत शिरला. आपल्यातल्या निम्म्यांचे आजे-पणजे असेच आले.

आता सिनेमाचे तीन काळ घेऊ. हे काळ आपण निवडलेले नाहीत, त्यांनीच निवडलेत.

१९१८. सिनेमात ह्या साली तुंबाडला धो धो पाऊस आहे. खऱ्या १९१८ मध्ये देशाच्या मोठ्या भागात पावसानं दगा दिला, धान्य महागलं, आणि वरून इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबईत ती जूनमध्ये जहाजाच्या वाटेनं, गोदीतून शिरली. देशात एक कोटीच्या वर माणसं मेली. त्या साथीत मुंबईत कोण किती मेलं ह्याचा जातवार हिशेब इंग्रजांच्या आरोग्य खात्यानं ठेवलाय. सवर्ण हिंदूंत हजारी वीसच्या आत. खालच्या मानलेल्या जातींत हजारी साठाच्या वर. साथ एकच, शहर एकच, आणि मरण तिप्पट. भयपट काढायला ह्याहून भयंकर साल कुठलं मिळणार होतं? पण सिनेमातलं १९१८ म्हंजे कंदील, छत्री आणि बैलगाडी.

१९१८ आणि १९३३ च्या मध्ये पंधरा वर्षं आहेत. पडद्यावर ती एका क्षणात उडून जातात. पोरगा झाडावरून उतरावा तसा विनायक लहानाचा मोठा होऊन येतो. त्या पंधरा वर्षांत त्याच कोकणात २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली. तुंबाडच्या वाड्यात ह्याची खबरही पोचली नाही. गावावर रात्रंदिवस पाणी पडतंय, आणि पाण्यासाठी झालेली कोकणातली सगळ्यात मोठी लढाई गोष्टीत कुठंच नाही.

१९३३. विनायक आता पुण्यात राहतो. वर्षभरापूर्वी, २४ सप्टेंबर १९३२ ला, त्याच पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. एका माणसाच्या उपोषणापुढं आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. आणि गंमत बघा, हा सिनेमा सुरू होतो तोच गांधींच्या नावावर असलेल्या एका सुविचारानं. गरजेपुरतं जगात सगळ्यांना आहे, लोभाला मात्र पुरत नाही, असा त्याचा मतलब. हा सुविचार मला पटत नाही असं नाही. पण गरज कुणाची आणि लोभ कुणाचा हे ठरवणार कोण? त्याच्यावर मी पुढं येतो.

१९३३ चं अजून एक आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, चरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोताची जमीन कसायची नाही, असा संप. गिरणीतला संप महिन्यांवर चालतो, हा १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यानं शेत न पेरणं म्हंजे स्वतःच्या पोराच्या तोंडचा घास काढणं. लोकांनी लाकडं विकली, मोलमजुरी केली, उपास काढले, पण नांगर धरला नाही. त्यातून पुढं बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी कोकणातून मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर चालून गेले. स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा होता, कम्युनिस्टही बरोबर होते. महार, कुणबी, आगरी एका रांगेत. खेरांच्या काँग्रेस सरकारनं ते बिल काही मंजूर केलं नाही.

१९४७. सिनेमात स्वातंत्र्य येतं, आणि आता वाडा सरकारजमा होणार ही विनायकची काळजी. खऱ्या कोकणात खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला. म्हंजे सिनेमानं निवडलेली तीस वर्षं ही नेमकी खोतीविरुद्धच्या लढ्याची तीस वर्षं आहेत. एवढी नेमकी वर्षं निवडायची आणि त्यातली माणसं वगळायची, हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं. मुद्दाम करणाऱ्याला निदान माहीत असतं की हितं कोणीतरी होतं. ह्यांना आपण दिसलोच नाही.

कोणी म्हणेल, अरे, ही परीकथा आहे, भुताची गोष्ट आहे, तिच्यात इतिहास काय मागतोस? मी म्हणतो, मग तारखा का दिल्या? "फार वर्षांपूर्वी" म्हणा आणि सुटा. तारीख दिली, गोरा अधिकारी दिला, स्वातंत्र्याचं साल दिलं, नाणं त्या काळचं, पगडी त्या काळची, वाड्याची कडीकोयंडा त्या काळची. खऱ्या पावसासाठी बरेच पावसाळे थांबले, सहा वर्षं लावली. एवढं खरं खरं गोळा केलं, तेव्हा कूळच तेवढं खोटं वाटलं?

दुसरा म्हणेल, पैसे नव्हते रे त्यांच्याकडं. हे तर मला अजिबात पटत नाही. भुकेल्या हस्तरचं अंग, देवीच्या गर्भाची ती लालभडक हलणारी भिंत, ह्याला पैसा लागला. खळ्यावर मापाशेजारी एक कूळ उभं करायला किती लागला असता? एका माणसाची एका दिवसाची हजेरी. थोड्या पैशाच्या सिनेमात महाग असते ती जादू. माणूस स्वस्तच असतो.

आता पावसाचं बोलू. मला ह्या सिनेमात सगळ्यात जास्त खटकला तो पाऊस. तुंबाडचा पाऊस म्हंजे शाप. पडद्यावर तो दिसतो फार सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण पाऊस शाप आहे असं कोण म्हणू शकतं? ज्याला भात लावायचं नाही तो. कुळाला पाऊस म्हंजे चिखलणी, लावणी, गुडघाभर पाण्यात वाकलेली बाई, डोक्यावर इरलं. पाऊस नाही आला तर मरण, फार आला तर मरण, आणि बेताचा आला तरी निम्मं खोताचं. ह्या माणसाला विचारलं असतं की तुझ्या गावावर शाप कुठला, तर त्यानं वर आभाळाकडं नसतं दाखवलं. त्यानं वाड्याकडं दाखवलं असतं.

आणि आता हस्तर. हितं जरा सावकाश ऐका.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि आपल्याला पुराण वाचायची एक रीत दिली. गोष्टीत ज्याला राक्षस म्हटलंय तो कोण, आणि त्याला राक्षस म्हणून कुणाचा फायदा झाला, हे विचारायचं. पाताळात गाडलेला बळी कुणाचा राजा होता हे त्यांनी तसंच शोधलं. हस्तर हा काही पुराणातला देव नाही, सिनेमावाल्यांनी रचलेला आहे. पण रचलेल्या गोष्टीलाही तोच प्रश्न विचारता येतो.

हस्तरचा गुन्हा काय? सोनं घेतलं तोवर देव काही बोलले नाहीत. धान्याला हात घातला तेव्हा मारला. हे वाक्य घरी जाऊन पुन्हा मनात म्हणा. सोनं चाललं, धान्य नाही चाललं. शिक्षा काय? तुझी पूजा होणार नाही, तुझं नाव कुणी घेणार नाही. ठिकाण कुठलं? जमिनीखाली, अंधारात, सगळ्यांच्या नजरेआड. अंगावर काय? लंगोटी. पोटात काय? भूक. दोस्तहो, हे वर्णन तुम्ही कुठंतरी ऐकलेलं आहे. गावकुसाबाहेर ऐकलेलं आहे.

आणि विनायकाची युक्ती काय? भुकेल्यापुढं कणकेची एक बाहुली टाकायची आणि तो तिच्यावर तुटून पडला की त्याच्या कमरेचं काढून घ्यायचं. हीच खोताची युक्ती. हीच सावकाराची. पेरणीला चार पायली बी द्यायचं आणि खळ्यावर वर्षाचं भात उचलायचं. कुळाच्या लंगोटीत सोनं कधी नव्हतं हे मलाही कळतं. पण खोताच्या माजघरात जे सोनं होतं ते कुळाच्या कमरेतूनच निघालं होतं. म्हणून मी म्हणतो, त्यांनी खोत नावातून गाळला, गावातून गाळला, तरी तो गोष्टीत शिरलाच. दोर लावून विहिरीतून खाली उतरणारा विनायक हाच तुंबाडचा खोत आहे. आणि खाली बसलेलं, नाव पुसलेलं, उपाशी ठेवलेलं ते आपलं माणूस आहे. फक्त त्याला माणसाचं तोंड दिलं नाही. त्याला भूत केलं आणि त्याच्या भुकेला लोभ म्हटलं.

हा माझा खरा मुद्दा आहे. भूक आणि लोभ. मी गोदीत काम करतो. धान्याचं पोतं फाटलं की दाणे सांडतात. ते दाणे झाडून पदरात घेणारी बाई दिसली की वॉचमन ओरडतो, चोर. आणि कागदावर हजारो टन धान्य हिकडचं तिकडं करून भाव चढवणारा आला की त्याला खुर्ची मिळते, त्याला व्यापारी म्हणतात. मूठभर दाण्यांना लोभ म्हणायचं आणि गोदामभर धान्याला धंदा म्हणायचं, ही भाषा ज्यांची त्यांनीच हस्तर रचलाय. विनायकाला लोभी म्हटलंय, ते बरोबर आहे. पण विनायक आणि हस्तर एकाच मापानं लोभी कसे? एकाला पुण्यात घर आहे, बायको आहे, वर आणखी ठेवलेली बाई आहे. दुसऱ्यानं जन्मापासून दाणा पाहिलेला नाही.

कोणी म्हणेल, मग काय, प्रत्येक सिनेमात एक दलित घुसवायचा? शहाणी माणसं हल्ली असं हसून विचारतात. मी सांगतो, नाही. तोंडं मोजून काही होत नाही. गर्दीत एक काळं तोंड उभं केलं आणि झालं प्रतिनिधित्व, हे मला मान्य नाही. राखीव डब्यात बसवल्यासारखं ते. पण तोंड कुठं उभं करता ह्यानं सगळी गोष्ट बदलते, हेही खरं आहे.

ह्याचा एक दाखला अमेरिकेतला देतो. पँथर हे नाव १९७२ साली आपल्याकडं आलं ते तिथल्या काळ्या पोरांकडून, म्हणून तो दाखला परका नाही. १९६८ साली जॉर्ज रोमेरो नावाच्या पोरसवदा दिग्दर्शकानं पेनसिल्व्हेनियात एक भुतांचा सिनेमा काढला, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आत. त्यात नायकाच्या कामाला ड्वेन जोन्स हा काळा नट घेतला. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती, सिनेमात त्याच्या रंगाबद्दल एक शब्द कुणी काढत नाही. तो रात्रभर घरातल्या माणसांना वाचवायला झटतो, मुडद्यांशी झुंजतो, आणि तगून राहतो तो एकटाच. सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी येते, त्याला मुडदा समजून लांबूनच गोळी घालते, आणि बाकीच्या मुडद्यांबरोबर जाळते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली होती. प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. थोडा पैसा, एक माणूस योग्य जागी, आणि भुताची गोष्ट देशाची गोष्ट झाली.

योग्य जागा म्हंजे काय ते आपल्याकडंही नागराज मंजुळेंनी दाखवलंय. 'फँड्री' २०१३ चा. शेवटी जब्या दगड फेकतो तो सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. तिथं जब्या कोपऱ्यात उभा नाही, दगड त्याच्या हातात आहे. पण तो रोजच्या जगण्याचा सिनेमा. भुताखेतांच्या, जादूच्या मुलखात अजून आपल्याला प्रवेश नाही. तिथं अजून सोवळं आहे.

सोवळं म्हणतो ते उगाच नाही. भुतांनाही जात आहे. २०२४ मध्येच 'मुंज्या' नावाचा कोकणातल्या भुताचा सिनेमा आला आणि तोही चालला. पण मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते! आपल्या पोराची मुंज झाली नाही, मग तो मेला तर पिंपळावरही त्याला जागा नाही. ब्रह्मराक्षस आहे, समंध आहे. ह्यांच्या अपुऱ्या इच्छांवर कथा होतात, कादंबऱ्या होतात, सिनेमे होतात. आणि वेठीला गेलेला, पालखीखाली छाती फुटून मेलेला, साथीत हजारी साठाच्या हिशेबानं मेलेला, गटारात गुदमरून मेलेला, ह्याची काही इच्छा अपुरी राहिली नव्हती काय? त्याचं भूत कुठंय? इतकी माणसं अशी मेली आणि पडद्यावर त्यांचं एक भूत फिरत नाही, ह्याचं मला नवल वाटतं.

म्हणून आपण काय करायचं? 'तुंबाड' बंद पाडा, पोस्टर फाडा, असं मी म्हणणार नाही. तो सिनेमा बघा. दोनदा बघा. पहिल्यांदा विनायकच्या डोळ्यांनी बघितला असेल, तर दुसऱ्यांदा खालून, हस्तरच्या डोळ्यांनी बघा. दोर लावून कोण उतरतंय आणि त्याच्या हातात काय आहे ते तुमचं तुम्हाला दिसेल.

आणि दुसरं काम आपलं आहे. आपल्या घराघरांत म्हाताऱ्या आहेत. त्यांना भुताच्या गोष्टी येतात. खोताच्या खळ्यावरच्या, स्मशानाच्या वाटेवरच्या, तळ्याच्या काठावरच्या. त्या गोष्टी अंधश्रद्धा म्हणून आपण झटकून टाकल्या. बाबासाहेबांनी आपल्याला भूतबाधेतून सोडवलं ते बरोबरच केलं, त्यावर मागं जायचं नाही. पण भुतावर विश्वास ठेवणं वेगळं, आणि त्या गोष्टीत कुणाचं दुःख गाडलंय ते उकरणं वेगळं. फुल्यांनी बळीवर विश्वास ठेवला नव्हता, बळी वाचला होता. त्या म्हाताऱ्या गेल्या की ते सगळं जाईल. वही घ्या, हातातला मोबाईल लावा, आणि त्यांचं बोलणं उतरवून घ्या. गाव, वर्ष, खोताचं आडनाव, किती भात दिलं, कुठल्या मापानं, सगळं. ह्यातून उद्या आपला कोणी पोरगा, कोणी पोरगी सिनेमा काढेल. पैसा थोडाच असेल. थोडा पैसा ही अडचण नाही, हे त्यांनीच दाखवून दिलंय.

त्या सिनेमात राक्षस असू द्या, देवी असू द्या, जमिनीखालचा खजिना असू द्या. आपल्यालाही अद्भुत आवडतं. आम्ही फक्त वास्तवच लिहायचं, आमचं फक्त दुःखच दाखवायचं, ही आणखी एक वाटणी झाली. त्यांना कल्पना आणि आम्हाला हाल, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. पण आपल्या गोष्टीत उपाशी माणसानं धान्याला हात घातला, तर देवांनी त्याला मारायचं की त्यानं देवांना जाब विचारायचा, हे आपण ठरवू.

हस्तरला सोनं नको होतं, मित्रांनो. त्याला भाकर पाहिजे होती. एवढी साधी गोष्ट त्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला सुचली नाही, आणि सिनेमा काढणाऱ्यांनाही सुचली नाही. कूळ त्या गोष्टीत असतं तर त्याला पहिल्याच दिवशी सुचली असती.

जय भीम. जय जोती.